घडाएवढी सायकल

मे महिन्यातली सकाळ होती. असोद्याकडच्या आमच्या तुकड्यात केळीची कापणी लागली होती. ऊन चढायच्या आत गाडी भरून निघाली पाहिजे म्हणून सगळ्यांची लगबग चाललेली. कापणारे पुढे, वाहणारे मागे. खांद्यावर गोणपाटाची घडी, त्यावर घड, आणि चिकाने काळे पडलेले शर्ट. केळीचा चीक एकदा कापडाला लागला की ते कापड फाटेपर्यंत जात नाही. बांधावर काटा मांडलेला. एकेक घड त्यावर टेकायचा, लाल आकडे थोडे थरथरायचे, थांबायचे आणि व्यापाऱ्याचा माणूस वहीत लिहायचा : एकवीस, तेवीस, साडेबावीस.

भाचा जळगावहून सायकलवर आला होता. डोक्यावर हेल्मेट, अंगात घट्ट पिवळा बनियनसारखा शर्ट, पाठीवरच्या खिशात दोन केळी. केळीच्या बागेत येताना खिशात केळी घेऊन येणारा तो बहुधा पहिलाच. "मामा, एका हातानं उचलून पहा," तो म्हणाला. त्याची सायकल कार्बनची. मी सवयीनं दम धरून उचलली आणि भरलेली समजून रिकामी कळशी उचलावी तसा हात भसकन वर गेला. वाहणारे थांबून पाहू लागले. त्यातलाच एक म्हणाला, "ठेवा ना काट्यावर, होऊन जाऊ दे."

भाच्याची सायकल भरली ९ किलो २०० ग्रॅम. मग शेडच्या भिंतीला टेकून असलेली आप्पांची अ‍ॅटलस दोघांनी मिळून आणली. काट्याच्या पाट्यावर ती नीट मावेना, म्हणून मी सीटला नुसता बोटाचा आधार दिला. २२ किलो ४००. वहीवाल्यानं सवयीनं आकडा लिहिलासुद्धा आणि मग हसून खोडला. अ‍ॅटलस म्हणजे एक चांगला भरलेला घड. मघाचा तो माणूस भाच्याच्या सायकलीकडे हनुवटीनं खूण करत म्हणाला, "हे पाखरू वावधानात उडून जाईन, भाऊ." मे महिन्यातलं वावधान उभ्या बागा आडव्या करतं. तिथं नऊ किलोंची काय कथा?

बावीस किलो चारशे. ही सायकल घरात पन्नास वर्षं आहे, पण तिचं वजन किती असा प्रश्न त्या सकाळपर्यंत आमच्या घरात कोणी विचारला नव्हता. आप्पांनी ती घेतली तेव्हा काय पाहिलं असेल ते मला सांगता येतं : रिम कोणती, कॅरिअर पट्टीचं आहे की सळईचं, चेनकव्हर बंद आहे ना, मागचा स्टँड डबल आहे ना. वजन पाहिलं नसणार. आणि कोणी सांगितलंच असतं की ही दुसऱ्या कंपनीच्या सायकलीपेक्षा दोन किलो हलकी आहे, तर आप्पांनी ती नाकारली असती. हलकी म्हणजे त्यांच्या लेखी लोखंडात मारलेली लबाडी.

भाषाही तेव्हा त्यांच्याच बाजूची होती. माणूस वजनदार असावा, हलक्या कानाचा नसावा, हलक्या हाताचा तर मुळीच नसावा. कचेरीत कागद जागचा हलायचा असेल तर त्यावर वजन ठेवावं लागतं, हेही ओघानं आलंच.

मी चौथीत असेन तेव्हा अ‍ॅटलसवर शिकलो. माझं वजन पंचवीस किलोंच्या आतबाहेर, म्हणजे ती आणि मी जवळपास एका वजनाचे. सीटवर बसण्याचा प्रश्नच नव्हता. दांडीखालून उजवा पाय पलीकडे घालायचा, कंबर वाकडी करून हाफ पायडल मारत जायचं. चालत असेपर्यंत ती शहाण्या बैलासारखी चालायची. पण तोल गेला की ती माझ्यावर पडायची, मी तिच्यावर कधीच नाही. एकदा पाटचारीच्या कडेला पडलो. हँडल छातीवर, पाय दांडीत अडकलेला, वरचं चाक निवांत फिरत होतं. रस्त्यानं जाणाऱ्या एका दूधवाल्यानं आधी आपल्या सायकलीचा स्टँड लावला, दोन्ही कॅन नीट उभे आहेत का ते पाहिलं आणि मग मला काढलं. त्याचं बरोबरच होतं.

तो डबल स्टँड लावणं ही तर स्वतंत्र विद्या होती. उजव्या पायानं स्टँडची पट्टी दाबून धरायची, डाव्या हातात हँडल, उजव्या हातात कॅरिअर, आणि मागं ओढायचं. सायकल उचलायची नाही. ती आपल्याच वजनानं मागं सरकून स्टँडवर चढते आणि खट्‌ असा आवाज येतो. मला हे जमायला सातवी उजाडली. जमलं त्या दिवशी मी अंगणात ती आठ-दहा वेळा लावली नि काढली, शेवटी आईनं आतून विचारलं की बाहेर नेमकं काय तुटतंय.

काट्यावरचा आकडा पाहिल्यापासून मी आठवून पाहतोय, या सायकलीचं वजन मला नेमकं कधी कधी जाणवलं? तिच्याखाली सापडलो तेव्हा. रेल्वेचं फाटक बंद असताना ती आडवी करून दांड्याखालून काढायची तेव्हा. टायरमध्ये बाभळीचा काटा नाहीतर सराटा गेला आणि पंक्चरवाला दोन कोसांवर असला तेव्हा. आणि पावसाळ्यात, शेतरस्त्यावर. आमची काळी माती ओली झाली की जे धरते ते सोडत नाही. टायर आणि मडगार्ड यांच्या फटीत ती अशी गच्च बसते की चाक फिरायचंच थांबतं. तुराटीची काडी घ्यायची, उकरायचं, दहा पावलं जायचं, पुन्हा उकरायचं. शेवटी मागचं चाक उचलून सायकल ढकलत न्यायची. चपलांना चिकटलेले दोन-दोन किलोंचे गोळे वेगळेच. या सगळ्या आठवणींत मी जमिनीवर आहे. सीटवर बसलेलो असताना तिचं वजन जाणवल्याचं मला एकदाही आठवत नाही.

भाच्याला हे पटलं नाही. त्याचं म्हणणं, तुम्हाला दुसरी ठाऊकच नव्हती म्हणून. मुद्दा खोटा नाही. पण इंग्लंडमध्ये एका डॉक्टरला दोन्ही ठाऊक होत्या, आणि त्यानं त्यांची रीतसर परीक्षा घेतली. डॉ. जेरेमी ग्रोव्ह्ज हे भूलतज्ज्ञ. शेफील्डहून चेस्टरफील्डच्या रुग्णालयात सायकलवर जात. जाऊन-येऊन ४३ किलोमीटरच्या वर. त्यांच्याकडे ५० पौंडांत घेतलेली जुनी पोलादी सायकल होती, वजन साडेतेरा किलो. मग त्यांनी १,००० पौंडांची कार्बनची घेतली, वजन साडेनऊ. आता रोज सकाळी नाणं उडवायचं, कौल पडेल ती सायकल न्यायची आणि वेळ टिपायची. अशा ५६ खेपा झाल्या. सरासरी निघाली ती पोलादीवर १ तास ४७ मिनिटं आणि कार्बनवर १ तास ४८ मिनिटं. २०१० च्या डिसेंबरात हे सगळं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आलं, त्यांच्या नाताळच्या खास अंकात. एकाच माणसाची परीक्षा, आणि आपण कोणत्या सायकलवर बसलोय हे त्याला दिसतच होतं. तेव्हा शास्त्र म्हणून ती कितपत टिकेल हा भाग वेगळा. पण हजार पौंड मोजल्यानंतरही घड्याळ खरं वाचणारा माणूस मला आवडतो.

माझी स्वतःची परीक्षा धुळ्याच्या रस्त्यावर झाली. दोन वर्षांमागे, जूनचा पहिला आठवडा. भाचा आपल्या पाखरावर आणि मी माझ्या साध्या गिअरच्या सायकलीवर, तिचं वजन पंधराच्या आसपास. जळगावहून अंधारातच निघालो. पाळधी, एरंडोल मजेत गेलं. उजाडलं आणि समोरून पश्चिमेचा वारा सुरू झाला. रस्ता सपाट, दोन्ही बाजूंना कापसासाठी नांगरून ठेवलेली उघडी वावरं, झाडाचा आडोसा नाही. पारोळ्यापर्यंत आमचा वेग निम्म्यावर आला होता. ट्रक शेजारून गेला की भाच्याची सायकल हातभर बाजूला सरकायची. दोघांनी आळीपाळीनं पुढे राहायचं ठरवलं, आणि मजा अशी की मागं बसायला मिळालं की माझे सहा जास्तीचे किलो कुठे जायचे कळायचं नाही.

पारोळ्याच्या पुढे एका टपरीवर हवा भरायला थांबलो. टपरीवाला म्हातारा. त्यानं भाच्याची सायकल दोन बोटांनी उचलून पाहिली, खाली ठेवली, किंमत विचारली, ऐकली आणि काही बोलला नाही. माझ्या मागच्या टायरमध्ये मात्र त्यानं अंगठा रुतवला आणि मान हलवली. पंप मारता मारता म्हणाला, "वजन सायकलमा नही, भाऊ. वारामा शे."

भौतिकशास्त्राच्या पुस्तकाला हे तीन पानं लागतात. सपाट रस्त्यावर ताशी वीस-पंचवीसच्या वेगानं जाताना अंगातली बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यात जाते. उरलेली टायर आणि रस्ता यांच्यात जिरते, आणि वजनाचा हिशोब येतो तो या उरलेल्यात. हवेचं गणित क्रूर आहे : वेग दुप्पट झाला की तिचा रेटा चौपट. समोरून वारा असला की आपण न वाढवताच वेग वाढतो, पण चाकाचा नाही, हवेचा. त्याच वाऱ्यावर धुळ्यापलीकडे साक्री तालुक्यात, ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत. जो वारा तिथं वीज देतो तो पारोळ्याच्या रस्त्यावर आमच्याकडून वसूल करतो. टायरमध्ये हवा कमी असली की ती वसुली दुप्पट वाटते. म्हातारा एक रुपयाही न घेता दोन्ही गोष्टी सांगून गेला.

घाटाची गोष्ट निराळी, हे मी मान्य करतो. तिथं वजन उचलूनच वर न्यायचं असतं आणि पृथ्वी सूट देत नाही. जळगावहून नेरी, पहूर, फर्दापूर करत गेलं की अजिंठ्याचा घाट लागतो. समजा, आपण एखाद्या घाटात ३०० मीटर उंची चढलो. माझं वजन ६८ किलो. अ‍ॅटलससकट ९०, भाच्याच्या सायकलीसकट ७७. म्हणजे एकूण ओझ्याचा सातवा हिस्सा वाचला. तेवढ्याच ताकदीनं चढलं तर पस्तीस मिनिटांचा घाट तीस मिनिटांत. पाच मिनिटं ही काही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही, हे घाटात पायडल मारलेल्या कोणालाही कळेल.

पण केळीच्या मुलखातला माणूस हिशोब केळीतच करणार. १३ किलो ३०० मीटर वर न्यायचे म्हणजे साधारण ३९ किलोज्यूल काम. माणसाचं शरीर खाल्लेल्या अन्नातला जेमतेम चौथा हिस्सा पायडलपर्यंत पोचवतं, बाकीचा घाम. तेही धरलं तरी जास्तीचे लागले चाळीसच्या आत-बाहेर कॅलरी. एका मध्यम केळ्यात शंभर असतात. म्हणजे अ‍ॅटलसचं सारं जडपण घाटमाथ्यावर नेण्याची किंमत अर्धं केळंसुद्धा नाही. भाच्याला मी हे त्याच्या खिशातल्या केळ्यांकडे पाहत सांगितलं. तो म्हणाला, "मामा, पण तुमची अ‍ॅटलस वर जाईल का?" नाही जाणार. पुढे ४४ दातांचं चक्र, मागे १८ दातांचं, गिअर एकच. पायडलच्या एका फेऱ्यात ती साधारण साडेपाच मीटर पुढे जाते आणि घाटात तेवढं मागितलं की गुडघे उत्तर देतात. माणूस उतरतो, ढकलू लागतो आणि मग तिचं वजन पुन्हा जागं होतं. अडतो तो गिअर, शिव्या खातं वजन.

शर्यतीतल्या लोकांचं मी बोलत नाही. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ जोडीनं पूर्ण केली, जवळजवळ ४,८०० किलोमीटर. तिथं किलोकिलोला अर्थ आहे. पण तिथंही वेड्यांना आवर घालावा लागला. सायकल शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २००० साली नियम केला की शर्यतीची सायकल ६.८ किलोंपेक्षा हलकी नको. पुढे सायकली इतक्या हलक्या झाल्या की काही संघांचे कारागीर नियमात बसण्यासाठी नळीत वजन घालू लागले. हे मी काट्यावरच्या वहीवाल्याला सांगितलं. मालात वजन मिसळणं त्याला नवीन नव्हतं, पण नियम पाळण्यासाठी कोणी ते करतं यावर त्याचा विश्वास बसला नाही.

मग हलक्या सायकलीचा उपयोग काय? भाच्याच्या घरी गेलं की कळतो. तो जळगावात तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि इमारतीची लिफ्ट महिन्यातून आठ दिवस बंद असते. सायकल खाली ठेवायची त्याची हिंमत नाही, तेव्हा ती खांद्यावर टाकून तो तीन जिने चढतो आणि दिवाणखान्यात टीव्हीच्या वर टांगतो. तिथं तिचे नऊ किलो सोन्यासारखे आहेत. अ‍ॅटलस त्या भिंतीनं धरली नसती.

आणि एक जण असा आहे की ज्याला वजनाचा खरा फरक पडतो, पण त्याला कोणी विचारत नाही. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांमध्ये गावाहून शाळेत जाणाऱ्या मुलींना सायकली मिळतात, आठवीपासून बारावीपर्यंत. सातपुड्याच्या पायथ्याच्या रस्त्यांवर सकाळी या मुली रांगेनं दिसतात. आठवीतली मुलगी असते पस्तीस किलोंची, सायकल सतरा-अठराची, मागं दप्तर, कधी दप्तरावर धाकटा भाऊ. म्हणजे सायकल तिच्या निम्म्या वजनाची. हेच प्रमाण मला लावलं तर मी चौतीस किलोंच्या सायकलीवर बसलो पाहिजे. भाच्याच्या मित्रमंडळींत पन्नास ग्रॅम हलक्या बाटलीच्या पिंजऱ्यावर तासभर वाद चालतो. सत्तर-पंचाहत्तर किलोंच्या गड्यांनी पन्नास ग्रॅमसाठी भांडावं आणि त्या मुलीच्या सायकलीचे तीन किलो कोणी मोजू नयेत, हे मला खुपतं. त्या मुली मात्र तीन-तीनच्या ओळीत गप्पा मारत, रस्ता अडवून जातात, आणि मागून येणाऱ्या ट्रॅक्टरला बाजू देत नाहीत. ते एक बरं आहे.

आप्पांच्या पिढीचं गणितच उलटं होतं. सायकल किती भरते याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं, तिच्यावर किती भरता येतं याच्याशी होतं. दूधवाल्याच्या दोन्ही बाजूंना कॅन. गॅसची भरलेली टाकी तीस किलोंच्या घरात जाते, ती कॅरिअरला आकड्यानं लटकवून लोक अजून नेतात. केळीवाला मागं पाटी बांधतो, हँडलला फण्या लटकवतो आणि पुढचं चाक हलकं पडू नये म्हणून दांडीवर वजनं आणि तराजू. त्याला सायकल चालवताना मी फार कमी पाहिलंय. तो तिला गल्लोगल्ली चालवत नेतो. ती त्याची गाडी आहे, दुकान आहे आणि उभं राहायची जागाही. आप्पा आठवड्याच्या बाजारातून यायचे तेव्हा कॅरिअरवर गव्हाचं पोतं, दांडीवर मी, हँडलला दोन पिशव्या. एवढं सगळं घेऊन नऊ किलोंची सायकल उभी राहील का, हे मी भाच्याला विचारलं नाही. त्याच्या सायकलीला कॅरिअर लावायला भोकंच नाहीत.

अ‍ॅटलस कंपनी १९५१ साली सोनिपतला सुरू झाली होती. तिचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला ३ जून २०२० रोजी, नेमका जागतिक सायकल दिनी. ती बातमी मी आप्पांना वाचून दाखवली तेव्हा ते म्हणाले, "आपली चालू आहे ना?"

चालू म्हणजे तेव्हा ती चालतच होती, पळत नव्हती. पंचाहत्तरी ओलांडल्यावर डॉक्टरांनी आप्पांना सायकल बंद करायला सांगितलं. काठी घ्या म्हणाले. आप्पांनी काठी आणू दिली नाही. सायकल मात्र रोज संध्याकाळी बाहेर काढायचे. बसायचे नाहीत. तिला उजव्या अंगाला घेऊन, डाव्या हातानं डावी मूठ आणि उजव्या हातानं सीट धरून गावच्या पारापर्यंत चालत जायचे. तिथं स्टँडवर लावायचे, तासभर बसायचे, तशीच परत आणायचे. कोणी नवखा म्हणायचा, "आप्पा, बसा ना सायकलवर." ते म्हणायचे, "आहे की बसलेलो." गुडघा दुखला की ते सगळा भार त्या मुठीवर टाकून उभे राहायचे, आणि ती हलायची नाही.

तेव्हा मला वाटलं, एवढं धूड कशाला ओढतात, म्हणून मी शहरातून एक हलकी लेडीज सायकल आणली होती. दांडी खाली, दिसायला छान. आप्पांनी अंगणात तिची मूठ धरली, नेहमीसारखा भार टाकला, आणि तिचं पुढचं चाक वळून ती त्यांच्यासकट कलली. मी धरलं म्हणून बरं. त्यांनी ती माझ्या हातात दिली. "हिला आपलंच सांभाळता येत नाही," म्हणाले, आणि अ‍ॅटलस काढायला गेले.

काट्यावरून तिला उतरवताना भाचा म्हणाला, हिचं चेनकव्हर, डायनॅमो, स्टँड, कॅरिअर काढलं तर चार-पाच किलो सहज कमी होतील, मग रंग देऊन मस्त दिसेल. मी हो-नाही काही म्हटलं नाही. मागून घड येतच होते, वाहणारा खांदा वाकवून वाट पाहत उभा होता. मी तिला बाजूला घ्यायला डाव्या मुठीला धरलं. उजव्या मुठीच्या रबरावर अजून रेघा आहेत. डावी गुळगुळीत झाली आहे, आणि अंगठ्याच्या बाजूला थोडी बसकी.